गोठ्यात एकट्याने पॉवर पॉप: चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एका गाण्याच्या नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज. मामाचं गाव, कराडजवळ

ऑगस्टात एका रात्री १९७० चा एक अल्बम ऐकला. चौघांचा बँड असणार असं धरूनच ऐकत होतो. बेस गाण्याच्या खालून स्वतःची वेगळी चाल म्हणत जातो, पियानो ठोके देतो, ओळ संपता संपता दोन-तीन आवाज एकमेकांच्या खांद्यावर चढतात. शेवटी नावं बघितली तर नाव एकच: एमिट ऱ्होड्स. गाणी त्याची, ड्रम, बेस, गिटार, पियानो त्याचे आणि ते सगळे आवाजही त्याचेच. वय जेमतेम वीस. जागा कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्नमध्ये आईवडिलांच्या घराचं आवार, यंत्र अँपेक्स कंपनीचं, चार ट्रॅकचं, म्हणजे एकाच फितीवर चार आवाज वेगवेगळे भरता येणारं. तो अल्बम अमेरिकेतल्या बिलबोर्डच्या यादीत २९ व्या क्रमांकापर्यंत गेला होता.

या जातीच्या गाण्यांना पॉवर पॉप म्हणतात. ‘द हू’ या ब्रिटिश रॉक बँडच्या पीट टाउनशेंडने १९६७ साली हा शब्द वापरला. माझ्यापुरती ओळख सोपी आहे: गोड चाल, दणदणीत गिटार आणि तीन मिनिटांच्या आत सगळं आटपलेलं.

मग ऱ्होड्सचं काही नवं आहे का ते शोधलं. नवं म्हणजे २०१६ चं निघालं. त्याच्या आधीचा अल्बम १९७३ चा, म्हणजे मध्ये ४३ वर्षं काहीच नाही. ‘रेनबो एन्ड्स’ हा तो नवा अल्बम ‘डॉग ऑन अ चेन’ या गाण्याने सुरू होतो. आवाज खाली उतरलाय, कडा झिजल्यात, पण चालीचं वळण ऐकलं की माणूस तोच आहे हे लगेच कळतं. त्या आठवड्यात ते गाणं मी पन्नासएक वेळा ऐकलं असेल. जुलै २०२० मध्ये तो गेला. मला सापडला तेव्हा त्याला जाऊन चार वर्षं झाली होती.

एकट्याने, चारच ट्रॅकवर, एवढं सगळं बसवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे ऐकून कळेना. म्हणून ठरवलं, एक गाणं करून बघायचं. माझं, मराठीतलं. सगळी वाद्यं मीच वाजवायची, टेपवर ध्वनिमुद्रण करायचं, आणि शेवटच्या मिश्रणापर्यंत कॉम्प्युटरला हात लावायचा नाही.

जागा ठरली. मामाचा जुना गोठा, १४ बाय १०, दगडी भिंती, वर पत्रा. दोन वर्षांपासून रिकामा आहे. टाळी वाजवली की आवाज चार वेळा परत येतो. मामी म्हणाली, “शेण नाही, पण वास आहे बघ, चालेल का?” चालेल.

९ नोव्हेंबर

यंत्र आणलं. मुंबईच्या एका माणसाकडून जुनं चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र, १६,५०० रुपये. साध्या टेपरेकॉर्डरपेक्षा दुप्पट वेगाने, सेकंदाला साडेनऊ सेंटिमीटरने चालतं. चारही ट्रॅक एकाच दिशेने लिहितं, म्हणजे कॅसेट उलटवायची नाही. ६० मिनिटांच्या कॅसेटवर १५ मिनिटं मावतात. क्रोमच्या कॅसेट लागतात. न वापरलेल्या जुन्या साठ्यातल्या पाच मिळाल्या, ४५० ला एक.

यंत्र १२० व्होल्टचं आहे. थेट आपल्या प्लगला लावलं तर जळेल. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर १,४५० रुपये. विकणारा म्हणाला होता, “चालू स्थितीत आहे.” दिवा लागला, मोटर फिरली, कॅसेट हलली नाही.

१० नोव्हेंबर

खोललं. आतल्या रबरी पट्ट्याचं डांबर झालेलं. अक्षरशः डांबर: बोटाला लागलं की साबणाने जात नाही. आयसोप्रोपाइल अल्कोहोल (२८० रुपये) आणि कानातल्या कापसाच्या काड्या घेऊन तीन तास पुली पुसत बसलो. जुनं बनियन फाडून वापरलं ते बरं झालं. हेडही (फितीवर आवाज लिहिणारा-वाचणारा भाग) त्याच अल्कोहोलने पुसलं, तपकिरी गंज निघाला.

नवा पट्टा ऑनलाइन मागवला. यायला तीन आठवडे लागतील असं दिसतंय. कराडच्या एका जुन्या टेपरेकॉर्डर दुरुस्तीवाल्या काकांकडे जवळपास त्याच घेराचा पट्टा मिळाला, थोडा जाड. त्यांनी पैसे घेतले नाहीत. लावला. चाललं!

वेग बरोबर आहे का बघायला ट्यूनरमधून ४४० चा (सेकंदाला ४४० कंपनांचा) सूर त्याच यंत्रावर भरला आणि परत ऐकला. ट्यूनरने ४४० दाखवले. खूश होऊन झोपलो. ही या प्रकल्पातली सगळ्यात महाग चूक होती, पण ते कळायला अजून जवळजवळ चार आठवडे होते.

१६ नोव्हेंबर

गोठ्याचा आवाज मारायचा होता. फोमच्या फळ्यांची किंमत बघितली आणि सोडून दिली. मामाकडे गेल्या वर्षीचा शाळूचा कडबा पडून होता. तीन भिंतींना पेंढ्या उभ्या लावल्या, दोन-दोन थर, साधारण ९० पेंढ्या. टाळी आता एकदाच वाजते. छताच्या पत्र्याखाली जुन्या गोधड्या दोरीने टांगल्या.

करणाऱ्यांसाठी: कडबा वापरण्याआधी उन्हात झटकून घ्या. मी घेतला नाही. पहिल्याच संध्याकाळी शिंकांनी हैराण झालो आणि दोन उंदीर बाहेर पडले. गाताना घसा धरतो. गाण्याच्या दिवशी दार उघडं टाकून आधी तासभर हवा खेळवावी लागते.

१७ नोव्हेंबर

ड्रमसेट कराडच्या एका वाद्यवृंदवाल्यांकडून भाड्याने घेतला, महिना १,५००. ड्रमसाठी एकच ट्रॅक परवडतो, म्हणून माइकही एकच: माझ्याकडचा शुअर एसएम ५७. आधी डोक्याच्या वर टांगला. सिम्बल (ड्रमच्या झांजा) कान फाडतात आणि पायाचा ड्रम गायब. दिवसभर जागा बदलत राहिलो. शेवटी जमलेली जागा अशी: माइक वादकाच्या उजव्या गुडघ्याजवळ, पायाच्या ड्रमच्या वर, तोंड स्नेअरकडे (खणखणीत वाजणारा मधला छोटा ड्रम). सिम्बल मागे गेले, पाय आणि स्नेअर पुढे आले. दोन्ही एकमेकांत नीट मिसळतात.

ऱ्होड्स मुळात ड्रमर होता. चौदाव्या वर्षी बँडमध्ये ड्रम वाजवायचा, बाकीची वाद्यं मागून. मला आज हे महत्त्वाचं वाटतंय, कारण मी मुळात गिटारवाला आहे आणि ड्रमवर बसलो की ते दिसतं.

२४ नोव्हेंबर

रिकाम्या टेपवर नुसते ड्रम वाजवायला गेलो. मनात गाणं म्हणत वाजवायचं, असा बेत होता. अकरा टेक, म्हणजे अकरा प्रयत्न, वाया. दुसऱ्या कडव्यात आपण कुठे आहोत तेच विसरतो.

उपाय: चौथ्या ट्रॅकवर आधी कच्ची गिटार भरायची, वाट दाखवण्यापुरती. पहिले तीन ट्रॅक नंतर एकत्र करून चौथ्यावरच उतरवायचे आहेत, त्यामुळे ही कच्ची गिटार आपोआप पुसली जाते. जागा वाया जात नाही.

गिटार भरली, त्यावर ड्रम वाजवले. मामा दारात उभा राहून ऐकत होता. तो गावच्या भजनी मंडळात तीस वर्षं पखवाज वाजवतो. म्हणाला, “ध्रुपदाला आलास की पळतोस.” मी नाही म्हणालो. घड्याळ लावून मोजलं: कडव्यात मिनिटाला १३८ ठोके, ध्रुपदात १४६.

मग मामालाच बसवला. कच्ची गिटार परत भरली, या वेळी शेजारी मामा टाळ घेऊन. त्याच्या टाळाला तसूभर हलायचं माहीत नाही. हेडफोनमध्ये तो टाळ ऐकत ड्रम वाजवले, चौथ्या टेकला जमलं. मामाला सांगितलं की हा टाळ शेवटी पुसला जाणार आहे. तो म्हणाला, “माप शिवणात राहतं का? तसंच.”

३० नोव्हेंबर, १ डिसेंबर

ट्रॅक १ ड्रम, ट्रॅक २ बेस, ट्रॅक ३ गिटार. शनिवार-रविवारात तिन्ही झाले. रात्री अकरानंतरच काम करता येतं. ऊसतोडीचा हंगाम आहे, रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जातात आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर कर्णा लावलेला. एका सुंदर बेसच्या टेकमध्ये मागे दूरवर ढोलकी ऐकू येते.

घूं असा बारीक आवाज सगळीकडे होता. दोन तास वायरी बदलल्या. कारण ट्रान्सफॉर्मर निघाला. तो मी यंत्राच्या शेजारीच ठेवला होता आणि हेड त्याची भुणभुण उचलत होतं. एक्स्टेंशन लावून सात फूट लांब नेला, आवाज गेला.

७ डिसेंबर

ऑनलाइन मागवलेला पट्टा आला (कुरियरसकट ६५०). जाड पट्टा अधूनमधून घसरत होता, म्हणून उत्साहाने नवा लावला आणि गेल्या आठवड्यातलं काम ऐकायला बसलो. सगळं खाली उतरलेलं. गिटार लावून बघितली तर जवळजवळ अर्ध्या स्वराचा फरक.

कॅसेट घेऊन कराडच्या काकांकडे गेलो. तपासणी कशी केली होती ते सांगितलं. ते म्हणाले, “ज्या तराजूने मापलंस त्याच तराजूने तपासलंस ना रे बाळा.” लख्ख उजेड पडला. यंत्र वेगात पळत असेल तर भरतानाही पळतं आणि ऐकवतानाही पळतं. ४४० चे ४४० च दिसणार.

खरी तपासणी अशी करा. एका टाकाऊ कॅसेटची फीत बाहेर काढून ९ मीटर ५२ सेंटिमीटर मोजा, दोन्ही टोकांना पांढऱ्या पेन्सिलने खूण करा, परत गुंडाळा. यंत्रावर लावा, पिचचं बटन (फितीचा वेग कमी-जास्त करणारं) मधोमध ठेवा, एक खूण हेडपाशी आली की घड्याळ चालू करा. दुसरी खूण बरोबर १०० सेकंदांनी यायला हवी. जाड पट्ट्यावर ९६ सेकंद लागले. नव्या पट्ट्यावर १०१. मोटरवर स्क्रू असतो, तो केसभर फिरवून १०० वर आणले.

जाड पट्ट्याने मोटरच्या पुलीचा घेर वाढवला होता, एवढंच कारण.

८ डिसेंबर

चिडून तिन्ही ट्रॅक परत वाजवले. आख्खा रविवार गेला. रात्री यंत्र झाकताना समोरच्या पिचच्या बटनाकडे लक्ष गेलं. ते चार टक्के वर केलं असतं तर जुनं काम जसंच्या तसं सुरात आलं असतं. कालच कळायला हवं होतं. ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी आधी सगळी बटनं काय करतात ते बघून घ्यावं.

१४ डिसेंबर

बाउन्सचा दिवस. पहिले तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे, मग ते तीन पुसून तिथे नवीन वाद्यं. हेडफोनवर प्रमाण लावलं, उतरवलं, ऐकलं, आवडलं. त्याच रात्री ट्रॅक १ आणि २ वर पुढचं काम सुरू केलं.

१५ डिसेंबर

सकाळी मामाच्या भजनाच्या स्पीकरवर ऐकलं. बेस नाही! म्हणजे आहे, पण भिंतीपलीकडे कुणीतरी वाजवत असल्यासारखा. माझे हेडफोन खालचा आवाज फुगवून दाखवतात, त्यामुळे मी बेस कमी ठेवला होता. आणि मूळ बेस काल रात्रीच पुसला गेलाय.

गोठ्याच्या उंबऱ्यावर बराच वेळ बसून राहिलो. मामीने चहा आणून ठेवला, काही विचारलं नाही.

इथे मला ऱ्होड्सचा करार आठवला. डनहिल या रेकॉर्ड कंपनीशी त्याचा करार होता: दर सहा महिन्यांनी एक अल्बम, तीन वर्षांत सहा. मुदत पाळता आली नाही म्हणून कंपनीने त्याच्यावर अडीच लाख डॉलरचा दावा लावला आणि रॉयल्टी अडवून ठेवली. ऑगस्टात हे वाचलं तेव्हा ‘कंपन्या अशाच’ म्हणून पुढे गेलो होतो. आज सहा आठवडे झालेत, माझ्याकडे एका गाण्याचा अर्धा सांगाडा आहे आणि तोही चुकलेला. चौघांच्या बँडमध्ये बेसवाला चुकला तर बाकीचे तिघे त्याला सांगतात. एकट्याला सांगणारं कुणी नसतं. चूक दुसऱ्या दिवशी स्पीकरमधून कळते, आणि तेव्हा ती दुरुस्त करायलाही तोच. बारा-चौदा गाण्यांचा अल्बम असा करायचा, सहा महिन्यांत, मग लगेच दुसरा. त्याने तरीही तीन अल्बम पुरे केले. मग चोविसाव्या वर्षाच्या आसपास गाणं थांबवून तो दुसऱ्यांची ध्वनिमुद्रणं करायला लागला. ती ४३ वर्षं मला आता आळस वाटत नाहीत.

२१, २२ डिसेंबर

मामाचा टाळ परत. कच्ची गिटार परत. ड्रम, बेस, गिटार परत. हात बसलेत, चार तासांत झालं. बाउन्स आता तीन ठिकाणी ऐकून: हेडफोन, भजनाचा स्पीकर, मामाच्या ट्रॅक्टरमधला टेप. बेस मला ‘जरा जास्त’ वाटतो त्याच्याही थोडा वर ठेवला.

आणखी एक: बाउन्समध्ये वरचा, चकाकीचा भाग झिजतो. म्हणून उतरवतानाच सिम्बल आणि गिटारचा वरचा आवाज दोन खुणा जास्त दिला. एका ट्रॅकवरून लगतच्या ट्रॅकवर उतरवताना फार वर नेलं तर शिट्टी येते. तिसरा चौथ्याला लागून आहे, सांभाळा.

बाउन्स चालू असताना लाइट गेली. फीत रोलरमध्ये दाबलेली तशीच राहिली आणि तिथे ‘टक्’ असा आवाज कायमचा उमटला. मूळ तीन ट्रॅकही तिथेच डागाळले असतील असं वाटलं होतं, पण बचावले; फक्त चौथ्यावर उमटला होता. परत बाउन्स केला. मूळ पुसण्याआधी एक रात्र थांबायचं, हा नियम भिंतीवर खडूने लिहिला.

२८ डिसेंबर

बारा तारांची गिटार हवी होती, ती झणझण या गाण्यांचा जीव असते. गिटार घेण्याएवढे पैसे नाहीत. बारा तारांचा संच आणला (७२०) आणि त्यातल्या फक्त पातळ, वरच्या सप्तकाच्या तारा माझ्या साध्या सहा तारांच्या गिटारला लावल्या. साधी गिटार चौथ्या ट्रॅकवर आहेच. त्यावर ही पातळ गिटार तंतोतंत तशीच वाजवली की बारा तारांसारखं ऐकू येतं. कडब्याच्या गोठ्यात ते चमकतं.

तिसरी तार फार पातळ असते आणि वर ताणावी लागते. तुटली. दुसरा संच. तीही तुटली, गालाला लागली. त्या संचात जादा तार होती म्हणून निभावलं. आता आधी स्वराच्या थोडं खाली लावून दहा मिनिटं तशीच ठेवतो, मग चढवतो. चष्मा घालून.

५ जानेवारी २०२५

शब्द. यावर सगळ्यात जास्त कागद फाडले आणि यावर मला सगळ्यात जास्त सांगायचंय.

पहिला खर्डा भावगीतासारखा झाला होता: प्रतीक्षा, व्याकूळ, क्षण. या ठेक्यावर तो म्हटला की तोंडात खडे आल्यासारखं होतं. जोडाक्षरावर जीभ अडते तोवर स्नेअर पुढे निघून गेलेला असतो. सोपे शब्द घेतले, फाट्यावरचे:

सातची एसटी सातला सुटली,
खिडकीत तुझी वेणी दिसली,
थांब ना, थांब ना,
एकच थांबा थांब ना!

दुसऱ्या ओळीत आधी ‘वेणी तुझी खिडकीत दिसली’ होतं. स्नेअरचा ठोका ‘खि’वर पडायचा. ऱ्हस्व अक्षरावर ठोका पडला की शब्द ढकलल्यासारखा वाटतो. फिरवून ‘खिडकीत तुझी वेणी’ केलं, ठोका ‘की’ आणि ‘वे’वर गेला आणि ओळ आपोआप चालायला लागली. त्या दिवसापासून सगळ्या ओळी तपासल्या: दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर दीर्घ अक्षर. इंग्रजीत आघात शब्दात असतो, आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ असतं. गाणं मराठीतच करायचं असेल तर इथे मेहनत घ्या, गिटारवर नाही.

ध्रुपदाचा वरचा सूर आधी ‘थांब’वर होता. ‘ब’ला ओठ मिटतात, सूर धरताच येत नाही. तो ‘ना’वर नेला. खाली कॉर्ड डी, मग डी मायनर, मग ए. चाल ‘ना’वरच एफ शार्प, एफ, ई अशी पायरी-पायरीने उतरते. त्या डी मायनरपाशी पोटात जे हलतं त्यासाठी मी हे गाणं करतोय.

१२ जानेवारी

मुख्य आवाज ट्रॅक २ वर. सव्वीस टेक. घसा गेला, आठवडाभर मिठाच्या गुळण्या.

१४ जानेवारी, संक्रांत

रजा टाकून आलो. वरची साथ: चाल उतरत असताना साथीचा आवाज ए वरच उभा राहतो. कागदावर सोपं. पण तो ए माझ्या आवाजाच्या बाहेर आहे. या वेळी पिचचं बटन कामाला आलं: टेप एका स्वराने खाली आणली, त्या खालच्या सुरात गायलो, बटन परत मधोमध. आवाज बारीक आणि कोवळा होतो, जरा माझ्या चुलतभावासारखा. मला आवडला.

१८, १९ जानेवारी

काल सगळं घोगरं, दाबलेलं आणि खसखस वाजायला लागलं. हेड झिजलं म्हणून जीव घाबरा. दोन दिवस हेड पुसणं, दुसरी कॅसेट, दुसरी वायर. रविवारी रात्री दिसलं की आवाजाची खसखस मारणाऱ्या यंत्रणेचा खटका बंद आहे. भरताना तो चालू होता. भरताना जसा, ऐकतानाही तसाच हवा. यंत्र पुसताना माझाच हात लागला असणार. खटक्यावर लाल चिकटपट्टी लावली.

२६ जानेवारी

टाळ्या. शेवटच्या ध्रुपदात दुसऱ्या-चौथ्या ठोक्याला टाळ्या नसतील तर ते पॉवर पॉप नव्हे. सगळं एकट्याने करायची अट इथे मोडली. एका माणसाच्या टाळ्या केविलवाण्या वाटतात. मामा, मामी आणि मी. मामीच्या बांगड्या टाळीच्या आधी किणकिणतात आणि ठोका पसरतो. काढणार नाही म्हणाली, मीही म्हटलं नसतं. बांगड्या कोपराकडे सरकवून वरून रुमाल बांधला. दुसऱ्या टेकला झालं. मामाच्या टाळ्या यंत्रापेक्षा नेमक्या.

१ फेब्रुवारी

मिश्रण. चार ट्रॅक लॅपटॉपवर उतरवले, फक्त प्रमाण लावलं, प्रतिध्वनी थोडा आवाजावर. लांबी २ मिनिटं ४४ सेकंद. दुसऱ्या कडव्यात बेसचा एक सूर चुकलाय, तो बाउन्समध्ये गेलाय आणि आता तिथेच राहील.

खर्च एकदाचा मांडतो. यंत्र १६,५००, ट्रान्सफॉर्मर १,४५०, पट्टा ६५०, अल्कोहोल २८०, कॅसेट २,२५०, तारांचे दोन संच १,४४०, ड्रमचं भाडं दोन महिन्यांचं ३,०००, कारण वाद्यवृंदवाल्यांनी वरचे दिवस धरले नाहीत. एकूण २५,५७०. एसटीचं भाडं वेगळं. पट्टा आणि बाउन्स या दोन चुकांत मिळून तीन आठवडे गेले.

गाणं झाल्यावर ऱ्होड्सचा १९७० चा अल्बम परत ऐकला, ऑगस्टनंतर पहिल्यांदाच पूर्ण. आता बेस कुठे मुद्दाम वर ठेवलाय ते कळतं. साथीचे आवाज कुठे एकाच श्वासात भरलेत आणि कुठे तोडून, तेही थोडंफार कळतं. मग २०१६ चं ते गाणं लावलं. त्यात त्याच्यासोबत इतर वादक आहेत. साठी ओलांडलेला माणूस, आणि या वेळी खोलीत चूक सांगायला कुणीतरी होतं. मला फार बरं वाटलं.

९ फेब्रुवारी

ड्रमसेट परत केला. कडबा उतरवला, मामा शनिवारी म्हैस आणतोय, गोठा लागणार. वरच्या गोधड्या मामीने धुवायला घेतल्या.

जायच्या आधी दोघांना गाणं ऐकवलं, ट्रॅक्टरमधल्या टेपवर. शेवटच्या ध्रुपदाआधी सगळी वाद्यं एक ठोका थांबतात. त्या शांततेत अगदी बारीक, हेडफोनमधून ड्रमच्या माइकमध्ये झिरपलेला, मामाचा टाळ आहे. मी सांगितलं नव्हतं. मामाने आवाज वाढवला, टेप मागे घेतला आणि तेवढाच भाग परत लावला.